नावासकट गाणं

संकलनाला आपल्याकडे मानाचं पान मिळत नाही. एखाद्या गायकाची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली की समारंभ होतो, वर्तमानपत्रात परीक्षण येतं. पण दहा जणांची दहा गाणी एकत्र करून एखाद्या छोट्या कंपनीने काढलेली कॅसेट जत्रेत, एसटी स्टँडवर, देवळाबाहेरच्या गाड्यावर विकली जाते, घराघरांत वर्षानुवर्षं वाजते आणि तिच्याविषयी कुणी चार ओळी लिहून ठेवत नाही. हे पुस्तक त्या संकलनांविषयी आहे. मोठ्या कंपन्यांनी आपल्याच तिजोरीतली जुनी गाणी नव्या वेष्टनात बांधून विकलेली 'सदाबहार' संकलनं इथे अभिप्रेत नाहीत. ज्यांच्याकडे तिजोरी नव्हती, ज्यांनी स्टुडिओचे तास मोजून घेतले, ओळखीतले गायक गोळा केले आणि ज्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच मुद्रित होणार नव्हता त्यांना एका फितीवर शेजारी-शेजारी बसवलं, त्यांच्या कामाची ही दखल आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. छोट्या कंपनीचं संकलन हा एखाद्या मुलखाचा फार खरा दस्तऐवज असतो, पण एका अटीवर. त्यावर नावं हवीत. कुणी गायलं, कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकीवर कोण होतं, कुठल्या गावात आणि कुठल्या साली. गाणं उरतं आणि नाव जातं तेव्हा त्या गाण्यावर कुणीही हक्क सांगू शकतो, आणि ज्याचा खरा हक्क असतो त्याच्या मुलाबाळांना तो सिद्ध करता येत नाही.

चऱ्होलीत राहून या विषयाकडे पाहिलं की तो कोरडा राहत नाही. इंद्रायणीच्या काठाने वर गेलं की आळंदी, खाली गेलं की मरकळ आणि तुळापूर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी प्रस्थान ठेवते आणि पुण्याच्या वाटेवर आमच्या वडमुखवाडीत थोरल्या पादुकांपाशी तिची आरती होते. चऱ्होली बुद्रुक 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, पण गावाचा कान त्याआधीपासून दोन्हीकडे होता. एका बाजूला हरिनाम सप्ताह, काकडा, जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत तयार झालेले मृदंगवादक आणि कीर्तनकार. दुसऱ्या बाजूला भोसरी, मोशी आणि चाकणचे कारखाने, तिथे तीन पाळ्यांत काम करणारी मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली माणसं, आणि प्रत्येकाने बरोबर आणलेली गाणी. एप्रिलमध्ये भीमजयंतीची गाणी, श्रावणात खानदेशी कुटुंबांच्या कानबाईची अहिराणी गाणी, भाद्रपदात गणपतीपुढची. पुणे-नाशिक रस्त्याने वर नारायणगावला गेलं की तमाशाच्या राहुट्या. डोक्यावरून लोहगावची विमानं जात असतात, त्यामुळे इथे घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ते थांबवून वाट पाहावी लागते. इतके आवाज एका पट्ट्यात नांदतात, आणि ते एकत्र ऐकायला मिळतात ते फक्त कुणीतरी केलेल्या संकलनात.

नावाचा प्रश्न आपल्या संतांनी फार पूर्वी ओळखला होता. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा येते. तुकोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, सगळे आपलं नाव गाण्याच्या आतच विणून ठेवतात. ज्या काळी लिहून ठेवणारे थोडे आणि गाणारे अनेक होते, त्या काळी हाच एक खात्रीचा उपाय होता. वही भिजली, हरवली, दुसऱ्याच्या हाती गेली तरी म्हणणाऱ्याच्या तोंडून नाव सुटत नाही. सकल संतांचे गाथे हीसुद्धा संकलनंच आहेत. शेकडो वर्षांचे आणि नाना जातींचे कवी त्यांत एकत्र येतात आणि तरीही कुणाचं कुणात सहसा मिसळत नाही, ते या एका रिवाजामुळे. पुढे शाहिरांनी आणि लावणीकारांनी तोच पाळला. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांची लावणी ज्या फडावर उभी राहिली तिथे त्यांचं नाव पोचलं, कारण ते कवनाच्या अंगातच होतं.

ध्वनिमुद्रण आलं तेव्हाही सुरुवात नावानेच झाली. 1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथून छापून परत यायच्या. तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची ते कळावं म्हणून गायिका गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. गौहर जान ते इंग्रजीत सांगायची. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही गोष्ट आज शंभराहून अधिक वर्षांनी आपल्या उपयोगाची ठरली आहे, कारण लेबलाचा कागद फाटला तरी तबकडीच्या खाचेत नाव शिल्लक आहे.

त्यानंतर जवळजवळ पाऊण शतक भारतातल्या ध्वनिमुद्रिकांवर एकाच कंपनीचं वर्चस्व राहिलं. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चं कुत्रं ज्या तबकडीवर तिचाच आवाज देशभर पोचायचा. मराठी भावगीत तिथेच रुजलं. ना. घ. देशपांड्यांची कविता घेऊन गोविंदराव, म्हणजे जी. एन. जोशी पुढे आले, नंतर त्याच कंपनीत अधिकारी झाले आणि मोठमोठ्या गवयांना त्यांनी माइकसमोर आणलं. हे ऋण नाकारण्याचं कारण नाही. पण एका दारातून आत जाणारी माणसं मोजकीच असतात, आणि दारावर उभा असलेला माणूस कुणाचं गाणं 'चालेल' हे ठरवतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. भारूड त्यात मावायचं नाही, वग मावायचा नाही, आणि वस्तीवरच्या जलशातलं गाणं तर मुळात कुणाच्या मनातच नसायचं. याला तोड म्हणून स्वदेशी कंपन्या निघाल्या. मुंबईत 1935 ते 1955 या काळात 'यंग इंडिया' या नावाने तबकड्या निघाल्या आणि नावारूपाला न आलेल्या अनेक कलावंतांना त्यांत जागा मिळाली. त्या तबकड्या आज संग्राहकांकडे आहेत. 1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या मंडळींनी त्यांच्या याद्या केल्या नसत्या, तर तेही काम काळाच्या पोटात गेलं असतं. यादी करणं हे संगीताच्या इतिहासातलं मोठं काम आहे असं मी मानतो. गाणाऱ्याच्या खालोखाल यादी करणाऱ्याचा मान असावा.

खरा पालट कॅसेटने केला. फिलिप्सने ती 1963 साली आणली, आपल्याकडे तिचं पीक आलं ते 1980 नंतर. तबकडी काढायला कारखाना लागत असे. कॅसेटला काही यंत्रं, एक खोली आणि थोडं भांडवल पुरलं. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 1993 साली 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक लिहिलं. त्यात उत्तर भारतातल्या बोलीभाषांच्या संगीताला या स्वस्त फितीने कसं बळ दिलं आणि एका कंपनीची सत्ता कशी मोडली, हे त्याने दाखवलं आहे. महाराष्ट्रात तेच घडलं. मुंबई-पुण्यात आणि जिल्ह्याच्या गावांतही छोट्या कंपन्या निघाल्या. कोळीगीतं, भारुडं, गोंधळ, वगनाट्यं, कीर्तनं, कव्वाल्या, भीमगीतं, खंडोबाची आणि एकवीरेची गाणी. साठ मिनिटांच्या फितीवर आठ-दहा गाणी मावत. एका गायकाची दहा नवी गाणी काढायची तर धोका मोठा, म्हणून कंपनी दोन गाणी नाव असलेल्या गायकाची घेई आणि बाकीची नवख्यांची. छोट्या संकलनाचा जन्म या व्यवहारातून झाला आहे. चालतं नाव पुढे ठेवायचं आणि त्याच्या पाठीमागून नवा आवाज आत आणायचा, हा हिशेब कंपनीच्या फायद्याचा होता, पण त्यामुळे कित्येक गायकांना आयुष्यातलं पहिलं मुद्रण मिळालं.

विक्रीची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. या कॅसेटी शहरातल्या काचेच्या दुकानांत फारशा दिसत नसत. त्या आळंदीला कार्तिकीत, पंढरपूरला आषाढीत, नागपूरला दीक्षाभूमीवर आणि 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीबाहेर विकल्या जात. पथारी मांडलेली, मागे एक टेप मोठ्याने लावलेला, आणि घेणारा माणूस उभ्याने दोन गाणी ऐकून पैसे काढतो. वर्षाची कमाई त्या दोन-चार दिवसांवर. म्हणून संकलनं सणावाराच्या बेताने निघत, आणि म्हणूनच त्यांतली गाणी त्या त्या वर्षीच्या घटना, निवडणुका, दंगली, दुष्काळ यांच्याशी बोलत असत. आकाशवाणीवर किंवा मोठ्या कंपनीच्या तबकडीवर हे सापडणार नाही.

या सगळ्या काळाचा एक आवाज निवडायचा तर मी प्रल्हाद शिंदे यांचा निवडेन. मंगळवेढ्याच्या मातीतला हा गायक. मंगळवेढं चोखोबांचं गाव. तिथेच वेशीच्या कामावर भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या दाराबाहेर आहे. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं झालं ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 चा, म्हणजे मंदिर बंद होतं त्या काळातला. पुढे त्यांचाच आवाज वारीच्या वाटेवर, सत्यनारायणाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर विठ्ठलाचा आवाज झाला, आणि त्याच आवाजात बाबासाहेबांची गाणी आणि कव्वाल्याही घुमल्या. भक्तिगीतांच्या संकलनात आणि भीमगीतांच्या संकलनात एकच गळा. आमच्या पट्ट्यात एकाच कामगाराच्या घरी ही दोन्ही संकलनं शेजारी असत. समाज ज्यांना वेगवेगळ्या खणांत ठेवतो त्यांना या संकलनांनी एका गळ्यात ऐकवलं, ही गोष्ट कुठल्या परिषदेच्या ठरावाने झाली नसती.

आता नावाकडे येऊ. 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे गाणं ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. ते प्रल्हाद शिंदे यांनी गायलं हेही पुष्कळांना ठाऊक असतं. ते दत्ता पाटील यांनी लिहिलं आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली, हे किती जणांना सांगता येईल? कित्येकजण त्याला संतांचा अभंग समजतात. एका अर्थी ही त्या गीतकाराला मिळालेली सर्वांत मोठी पावती आहे, आणि त्याच वेळी त्याच्यावर झालेला अन्यायही आहे. गाणं एका संकलनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातं, आणि दर खेपेला कव्हरच्या कागदावरून एक नाव कमी होतं. आधी वादक जातात. मग संगीतकार. मग गीतकार. शेवटी देवाचं चित्र आणि कंपनीचा शिक्का राहतो.

वामनदादा कर्डक या बाबतीत संतांच्या वाटेने गेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेला हा लोककवी गावोगाव फिरला, हजारो गाणी रचून गेला, आणि गाण्याच्या अखेरीस आपलं नाव गुंफत राहिला. गाणं कुणाही गायकाने म्हटलं आणि कुठल्याही कंपनीने काढलं तरी वामन त्यातून निघत नाही. 2004 साली प्रल्हाद शिंदे आणि वामनदादा दोघेही गेले. कॅसेटचा काळही साधारण त्याच सुमारास संपत होता.

छोट्या कंपन्यांचा कारभार सगळाच चांगला होता असं म्हणणार नाही. गायकाला एकरकमी पैसे देऊन कोऱ्या कागदावर सही घेण्याची पद्धत सर्रास होती. कॅसेटच्या किती प्रती विकल्या गेल्या हे त्याला कधी कळत नसे. गाणं गाजलं तर कंपनी मोठी होई आणि गायक पुढच्या जत्रेत पुन्हा त्याच बिदागीवर उभा राही. कायद्याने या बाबतीत बराच उशिरा हात दिला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराला स्वामित्वधनातला समान वाटा सोडून देता येत नाही, म्हणजे कुणी सही घेतली तरी तो हक्क राहतो. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, 38 ब. त्यानुसार सादरकर्त्याला आपण हे सादर केलं आहे अशी ओळख मागण्याचा नैतिक अधिकार आहे. गाणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव छापणं ही आता मेहरबानी राहिलेली नाही. या पट्ट्यातल्या प्रत्येक भजनी मंडळाला आणि प्रत्येक गाणाऱ्या पोराला हे कलम ठाऊक असायला हवं.

चांगल्या कारभाराची उदाहरणं जवळच आहेत. पुण्यात कर्वे रस्त्यावर सुरेश अलूरकर यांचं अलूरकर म्युझिक हाऊस होतं. मूळचं दुकान, पण शास्त्रीय गायकांच्या मैफली स्वतः मुद्रित करून काढणारी ती एक जाणती कंपनीही झाली. पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेटी याच कंपनीने घरोघर पोचवल्या. माणसं गायकाचं नाव ओळखीचं नसलं तरी अलूरकरांचा शिक्का बघून कॅसेट घेत. छोट्या कंपनीची खरी मिळकत ती हीच. तिने निवडलेलं न ऐकता विकत घ्यावं इतका तिच्या कानावर विश्वास बसणं.

दुसरं उदाहरण कंपनीचं नाही, पण संकलन कसं करावं याचा मला माहीत असलेला सर्वांत मोठा धडा त्यात आहे. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी आणि मावळातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात झाली आणि महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांपर्यंत काम गेलं. एक लाखाहून जास्त ओव्या, गाणाऱ्या बाया तीन हजारांवर. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या कित्येकींचे आवाज मुद्रित झाले. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने ते लोकांपुढे आणायला सुरुवात केली, आणि प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, वय, जात, मुलंबाळं, कामधंदा दिलेला असतो. ओवी तशी कुणा एकीची नसते. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. तरीही गाणारीचं नाव लिहिलं गेलं, आणि त्यामुळे ती ओवी 'लोकगीत' या मोघम शिक्क्याखाली दबली नाही. जिला कुणी कधी कलावंत म्हटलं नव्हतं अशा बाईच्या नातवाला आज आजीचा आवाज तिच्या नावासह ऐकता येतो. हे जे साधलं आहे त्याच्या तोडीचं काम एकाही मोठ्या कंपनीच्या नावावर नाही.

बाहेरच्या जगातलं एकच उदाहरण घेतो, कारण ते आमच्या गावाला उपयोगी पडेल. इंग्लंडात 1980 च्या दशकात छोट्या पॉप कंपन्यांची मोठी लाट आली. लंडनच्या चेरी रेड कंपनीने 1982 साली 'पिलोज अँड प्रेयर्स' हे संकलन काढलं आणि कव्हरवरच किंमत छापली, 99 पेन्स, म्हणजे गरीब पोरालाही ते घेता यावं. 1986 साली 'एनएमई' या साप्ताहिकाने 22 नव्या बँडची 'सी 86' ही कॅसेट काढली आणि संगीताच्या एका प्रकाराला तिच्यावरूनच नाव मिळालं. पण मला मोलाची वाटते ती ब्रिस्टल शहरातली सारा रेकॉर्ड्स. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोन तरुणांनी 1987 साली ती सुरू केली. तिची संकलनं गावातल्या आणि आसपासच्या जागांच्या नावाने निघत. एअर बलून रोड, टेंपल क्लाउड, जेल फेरी ब्रिज, बॅटरी पॉइंट. कुणाला ठाऊक नसलेल्या बोळांची आणि पुलांची नावं घेऊन ही गाणी जपानपर्यंत गेली. शंभरावं प्रकाशन 1995 साली ब्रिस्टलमधल्या एका चिमुकल्या गल्लीच्या नावाने निघालं आणि त्यावर त्यांनी कंपनी आपणहून बंद केली. आपण जिथे राहतो तिथलं नाव गाण्याला द्यायला त्यांना संकोच वाटला नाही. वडमुखवाडी, चोविसावाडी, मॅगझीन चौक, वाघेश्वर, चऱ्होली फाटा ही नावं संकलनाच्या कव्हरवर कमी शोभतील असं मानायचं कारण काय?

कॅसेटनंतर काय झालं ते झटकन सांगण्यासारखं आहे. शे-दीडशे गाण्यांच्या एमपी3 सीड्या आल्या. मग मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डावर गाणी भरून देण्याचा धंदा आला. भोसरी-चाकणच्या कामगार वस्त्यांत पगाराच्या दिवशी त्या दुकानांपुढे गर्दी असे. तीही संकलनंच होती, प्रत्येकाच्या गावाप्रमाणे आणि आवडीप्रमाणे निवडलेली, पण त्यांत फाइलच्या जागी बहुधा 'ट्रॅक 01' एवढंच लिहिलेलं असे. नावांची सर्वांत जास्त हानी या दहा-पंधरा वर्षांत झाली असं माझं मत आहे. कॅसेटला निदान कागद होता.

आजची स्थिती त्या मानाने आशादायक आहे, हे मी मनापासून म्हणतो. खोलीत बसून लॅपटॉपवर गाणं मुद्रित करता येतं आणि त्याच रात्री जगापुढे ठेवता येतं. 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना महाराष्ट्रभर वाजलं, आणि ज्या भाषेला शाळेत दाबलं जातं ती लग्नाच्या मांडवांत जिल्हे ओलांडून नाचली. 'स्वदेसी' या मुंबईच्या चमूने 2019 साली आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' काढलं. त्यात एमसी मवालीचं मराठी रॅप आहे आणि आरेतल्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर यांचं वारली गाणंही आहे. भोईर यांचंही नाव त्याच्या श्रेयात आहे. रॅप करणारी पोरं गाण्याच्या आरंभी किंवा मधे आपलं नाव घेतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो उद्धटपणा वाटतो. मला त्यात नाममुद्रा ऐकू येते.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, आणि गाणं चढवताना गीतकार, संगीतकार, वादक यांच्यासाठी रकाने असतात. ते रकाने भरायला दहा मिनिटं लागतात. पुष्कळ छोट्या कंपन्या ते रिकामे सोडतात किंवा सगळीकडे कंपनीचंच नाव टाकतात, आणि कलाकाराच्या जागी 'विविध कलाकार' लिहून मोकळ्या होतात. या दोन शब्दांनी जितकी माणसं पुसली तितकी कुठल्याही पुराने पुसली नसतील. ज्याला संकलन काढायचं आहे त्याने पहिल्यांदा हे रकाने भरायची शपथ घ्यावी. मग गाणी निवडावीत.

निवडीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण संकलन करणारा हा नुसता गोळा करणारा नसतो. कुठलं गाणं पहिलं, कुठलं शेवटचं, कुणानंतर कोण, यात त्याची समज दिसते. भजनाच्या पंगतीत रूपाच्या अभंगापासून भैरवीपर्यंत जो क्रम ठरलेला असतो, तो शतकांच्या अनुभवातून आलेला आहे. सप्ताह ऐकत वाढलेल्या आमच्या पोरांना तो क्रम अंगवळणी पडलेला आहे. त्यांनी तो संकलनात वापरावा. ढोलकीच्या तुकड्यानंतर एखादी ओवी, तिच्यानंतर पाळीवरून आलेल्या कामगाराचं रॅप, मग मृदंग. असं संकलन दुसऱ्या कुठल्या गावाला करता येणार नाही, कारण हे सगळं पायी जाण्याच्या अंतरात दुसरीकडे सापडणार नाही.

या पुस्तकाच्या वाचकाला, विशेषतः चऱ्होली, दिघी, मोशी, डुडुळगाव, आळंदी, मरकळ या गावांतल्या वाचकाला, माझी कळकळीची विनंती आहे. घरात माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील तर त्या भंगारात देऊ नका. घरी भरलेली कॅसेट असेल तर तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही मुद्रित होणार नाही. पावसाळ्याच्या दमटपणात फितीवर बुरशी येते, तेव्हा ती कोरड्या जागी, उभी ठेवा. बुरशी दिसत असेल तर लावून बघू नका, जाणकाराला दाखवा. संगणकावर घ्यायची असेल तर एमपी3 मध्ये नको, निदान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटच्या वेव्ह फाइलमध्ये घ्या. कव्हरच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आणि सर्वांत आधी, घरातलं वयस्कर माणूस समोर आहे तोवर त्याला ती कॅसेट ऐकवा, आणि कोण गातंय, पेटी कुणाची, गाणं कुणी रचलं, हे विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे ते सांगणारं कुणी उरणार नाही.